खेळाडू विद्यार्थ्यांची कॉलेजची तयारी: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नववी ते बारावीत खेळणाऱ्या मुला-मुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहिलं आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार, जिल्हा कोणताही असो, तालुक्याच्या स्पर्धा आटोपल्या की क्रीडाशिक्षकाभोवती पालक गोळा होतात आणि हेच प्रश्न विचारतात. मी त्यांना जे सांगतो तेच इथे सविस्तर मांडलं आहे.

“सर, पोऱ्या मस्त पळस, पन पुढे काय?”

पुढे कॉलेज. शालेय खेळ तालुका, जिल्हा, नाशिक विभाग, राज्य आणि राष्ट्रीय असा वर चढत जातो. बारावीनंतर ती वाट संपते आणि विद्यापीठाची सुरू होते. मध्ये अकरावी-बारावीची दोन वर्षं येतात, आणि आपल्याकडची चांगली चांगली मुलं नेमकी याच दोन वर्षांत मैदान सोडतात. पदवीच्या पहिल्या वर्षाला पुन्हा बूट घालतात तेव्हा दम गेलेला असतो, वजन वाढलेलं असतं आणि बरोबरीचे खेळाडू फार पुढे निघून गेलेले असतात. म्हणून तयारी नववीपासून करायची आणि बारावीपर्यंत ती तुटू द्यायची नाही.

बारावीचं वर्ष महत्त्वाचं. एक वर्ष खेळ बंद ठेवला तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं. चार-सहा आठवडे सराव थांबला की दम उतरायला लागतो, आणि वर्षभरानंतर जवळजवळ पायापासून सुरुवात करावी लागते. शिवाय 19 वर्षांखालील गटातलं शेवटचं वर्ष बहुतेकांचं बारावीतच येतं. राज्यापर्यंत जायची सगळ्यात चांगली संधी तेव्हाच असते, कारण अंगात ताकद आलेली असते आणि समोर वयाने मोठे खेळाडू नसतात.

पालकांची काळजी मला कळते. सराव परीक्षा, प्रात्यक्षिकं आणि राष्ट्रीय स्पर्धा थंडीच्या त्याच महिन्यांत येतात. पण रोज सकाळचा दीड तास मैदानावर गेला म्हणून कुणी नापास झालेलं मी पाहिलेलं नाही. वेळ खातो तो मोबाईल. सराव कमी करायचाच असेल तर जानेवारीपासून परीक्षा संपेपर्यंत करा: आठवड्यात तीन दिवस, हलकं पळणं आणि ताकदीचे व्यायाम. पूर्ण बंद मात्र करू नका.

अकरावी-बारावीचे सामने शालेय की कॉलेजचे?

शालेय. कनिष्ठ महाविद्यालयातली मुलं शालेय स्पर्धांत 19 वर्षांखालील गटातच खेळतात. वय 31 डिसेंबरच्या तारखेला मोजतात, त्यामुळे जानेवारीत जन्मलेल्यांना फायदा होतो आणि डिसेंबरवाल्यांना थोडं सोसावं लागतं. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख आणि आधारवरची तारीख एकच आहे का, ते दहावीच्या आतच तपासा. नंतर दुरुस्तीसाठी पळापळ होते आणि प्रवेशिका भरायची मुदत निघून जाते. वय चोरून खेळवायचा सल्ला कुणी दिला तर त्याला दारातूनच परत पाठवा. पकडलं गेलं तर त्याआधी मिळवलेल्या पदकांवरही संशय येतो.

क्लासवाले म्हणतात, नाव गावाकडच्या ज्युनिअर कॉलेजात ठेवा आणि शहरात क्लास करा. खेळाचं काय होईल?

इथेच पुष्कळांची फसगत होते. प्रवेशिका त्या कॉलेजातूनच जाते जिथे मुलाचं नाव आहे. तिथे मूल वर्षभर जातच नसेल तर क्रीडाशिक्षक त्याला ओळखत नाहीत, संघ त्याच्याशिवाय तयार होतो आणि स्पर्धेची तारीख कळते तेव्हा वेळ गेलेली असते. मैदानी खेळात (ॲथलेटिक्समध्ये), कुस्तीत किंवा बुद्धिबळात एकट्याने निभावून नेता येईल. कबड्डी, खो-खो, व्हॉलिबॉल खेळणाऱ्यांनी हा मार्ग धरू नये. 2025-26 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाईन पद्धतीने होऊ लागले आहेत. पसंतीक्रम भरण्याआधी त्या कॉलेजच्या मैदानावर एक चक्कर मारून या, आणि खेळाडूंच्या राखीव जागेसाठी पात्र असाल तर प्रमाणपत्र अर्ज भरतानाच तयार ठेवा.

दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात ना?

मिळतात. स्पर्धा कोणत्या स्तरावरची आणि कामगिरी कशी, त्यानुसार जास्तीत जास्त 25 गुणांपर्यंत. प्रस्ताव शाळा तयार करते, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय तो तपासतं आणि मंडळाकडे शिफारस करतं. आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी नाशिक विभागीय मंडळ आहे. परीक्षेच्या सुमारास शाळेत जाऊन प्रस्ताव गेला का, असं तोंडावर विचारा. संकोच करू नका, हा मुलाने कमावलेला हक्क आहे. फक्त या गुणांवर विसंबून अभ्यास सोडू नका.

कोणतं प्रमाणपत्र कामाचं आणि कोणतं नुसतं भिंतीवर लावायचं?

यावर मी दरवर्षी पालकांशी तासन् तास बोलतो, कारण इथे पैसा जातो आणि मुलाचं मनही मोडतं.

कामाची प्रमाणपत्रं मुख्यतः दोन प्रकारची. एक, क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या शालेय स्पर्धांची आणि त्यांच्या पुढच्या शालेय राष्ट्रीय स्पर्धांची. दोन, त्या खेळाच्या मान्यताप्राप्त राज्य संघटनेच्या अधिकृत अजिंक्यपद स्पर्धांची. यांच्या बाहेर एक मोठा बाजार आहे. कुठल्या तरी भारदस्त नावाची संस्था ‘राष्ट्रीय’ किंवा थेट ‘आंतरराष्ट्रीय’ स्पर्धा भरवते, निवड चाचणी न घेता माणशी काही हजार रुपये घेते, दोन-तीन संघ खेळतात आणि प्रत्येकाच्या गळ्यात सुवर्णपदक पडतं. गावात फलक लागतात, सत्कार होतात. पुढे नोकरीच्या अर्जाला ते प्रमाणपत्र जोडलं की पडताळणीत बाद होतं.

महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातून होते. खेळ मान्यताप्राप्त आहे का, स्पर्धा अधिकृत होती का, त्या वर्षीच्या नोंदीत नाव आहे का, हे सगळं बघितलं जातं. बनावट कागद सापडला तर गुन्हा दाखल होतो. तेव्हा पैसे भरण्याआधी जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन एकच प्रश्न विचारा: ही स्पर्धा वाढीव गुणांना आणि 5 टक्क्यांना चालते का? उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे भरू नका.

खेळातून खरंच काय मिळू शकतं, याचं उदाहरण आपल्याच मातीत आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचे विजय चौधरी 2014, 2015 आणि 2016 असे सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाले आणि पुढे पोलीस दलात उपअधीक्षक झाले. त्यामागे लहानपणापासूनची तालीम आहे. ती विकत मिळत नाही.

कॉलेज कसं निवडावं? जे जवळ आहे ते, की जे नावाजलेलं आहे ते?

आधी क्रीडा संचालक बघा, मग मैदान, आणि इमारत सगळ्यांत शेवटी. कॉलेजच्या माहितीपत्रकात चषकांचे फोटो सगळेच छापतात. तुम्ही संध्याकाळी पाच वाजता न सांगता जा. मैदानावर मुलं आहेत का? क्रीडा संचालक तिथे उभे आहेत का? मुली खेळताना दिसतात का? धावपट्टीवर गवत माजलंय की चुना मारलेला आहे? अर्ध्या तासात सगळं कळतं.

मग तिथे खेळणाऱ्या दोन-तीन मुलांशी बोला. त्यांना विचारा, की स्पर्धेला जायचा प्रवासखर्च कॉलेज देतं का, किट मिळतं का, बाहेरगावी खेळायला गेल्यावर हजेरी धरतात की 75 टक्क्यांच्या नियमात अडकवतात, अंतर्गत परीक्षा बुडाली तर पुन्हा घेतात का. ही उत्तरं कोणत्याही पत्रकात नसतात.

जळगावचं मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचं प्रताप महाविद्यालय 1945 पासूनची आहेत. धुळे, नंदुरबार, शिरपूर, शहादा, चोपडा, भुसावळ इथेही जुनी कॉलेजं आहेत. पण नावाजलेल्या कॉलेजात तुमच्या खेळाचा संघच नसेल तर ते नाव तुमच्या काय कामाचं? उलट तालुक्याच्या साध्या कॉलेजात एखादे संचालक वीस वर्षं खो-खोचा संघ घडवत असतात. माझं मत विचाराल तर खो-खो खेळणाऱ्या मुलीने तिथेच जावं.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात सहअभ्यासक्रमाचे श्रेयांक असतात आणि त्यात खेळ, एनसीसी, एनएसएस येतात. प्रवेश घेतानाच खेळ निवडा, नंतर बदलायला त्रास होतो.

विद्यापीठाच्या संघात निवड कशी होते?

आपलं विद्यापीठ म्हणजे जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, स्थापना 1990 ची. तिन्ही जिल्ह्यांतली कॉलेजं त्याच्याशी जोडलेली आहेत. आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होतात. त्यातून जळगाव, एरंडोल, धुळे, नंदुरबार असे विभागांचे संघ निवडले जातात, ते आपसांत खेळतात आणि त्यातून विद्यापीठाचा संघ ठरतो. पुढे भारतीय विद्यापीठ संघाच्या पश्चिम विभागाच्या आणि अखिल भारतीय स्पर्धा. राज्यातल्या विद्यापीठांचा ‘अश्वमेध’ हा क्रीडा महोत्सव वेगळा. 2020 पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धाही होतात.

पावसाळ्यातच हे सगळं सुरू होतं. प्रवेश जुलैत झाला आणि मूल दिवाळीनंतर मैदानावर गेलं, तर त्या वर्षीचा संघ आधीच ठरलेला असतो. प्रवेश मिळाला त्याच आठवड्यात क्रीडा विभागात जाऊन नाव नोंदवा. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची वरची मर्यादा 25 आहे, म्हणजे हातात फार तर सात-आठ वर्षं असतात.

खान्देशाबाहेर खेळावर प्रवेश मिळतो का?

मिळतो, पण नुसत्या जिल्हा पातळीच्या खेळावर सहसा नाही. दिल्ली विद्यापीठात खेळाडूंसाठी वाढीव जागा असतात. त्यासाठी प्रवेश परीक्षा, प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष मैदानावरची चाचणी, तिन्ही लागतं. आयआयटी मद्रासने 2024-25 पासून खेळाडूंसाठी खास जागा ठेवल्या आहेत, मात्र जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत नाव यावंच लागतं. अभ्यास आणि खेळ दोन्हींत मजबूत असलेल्या मुलांनी हे दहावीतच डोक्यात ठेवावं.

अमेरिकेत म्हणे खेळावर पूर्ण शिक्षण फुकट होतं?

काहींचं होतं. तिथल्या कॉलेज खेळांची मोठी संघटना एनसीएए. तिच्या पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीतली कॉलेजं खेळाची शिष्यवृत्ती देऊ शकतात, तिसऱ्या श्रेणीतली देत नाहीत. पहिल्या श्रेणीत खेळायला नववी ते बारावीत ठरावीक 16 मुख्य अभ्यासक्रम आणि किमान गुणसरासरी लागते, म्हणजे नववीची गुणपत्रिकाही जपून ठेवावी लागते. भारताचा उंच उडीपटू तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिष्यवृत्तीवर शिकला आणि 2018 मध्ये तिथली राष्ट्रीय स्पर्धा जिंकला. कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट मात्र एनसीएएच्या खेळांत नाहीत. मैदानी खेळ, पोहणं, टेनिस, गोल्फ यांतल्याच मुलांनी हा विचार करावा.

मला खेळाचा शिक्षक किंवा प्रशिक्षक व्हायचंय. काय शिकू?

बारावीनंतर शारीरिक शिक्षणाची पदवी घेता येते, किंवा कोणतीही पदवी घेऊन दोन वर्षांचं बी.पी.एड. करता येतं. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासूनचं आहे आणि आपल्याला जवळ पडतं. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था 1957 ची. प्रशिक्षक व्हायचं असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या पदविकेला सगळीकडे मान आहे. फिजिओथेरपी आणि क्रीडा पोषण यांचाही विचार कर. आपल्या तालुक्यांत खेळाडूच्या गुडघ्याकडे नीट बघणारा माणूस शोधून सापडत नाही, इतकी त्यांची वाण आहे.

खेळ चालू ठेवू की भरतीची तयारी करू?

दोन्ही एकत्र होतं, आणि व्हायला हवं. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक असते. रोज मैदानावर असलेल्याला यात नवीन काही नाही. 18 वर्षं पूर्ण आणि बारावी पास असलं की अर्ज करता येतो, म्हणून पुष्कळ मुलं बारावी होताच कॉलेज सोडून अकॅडमीत जातात. माझा आग्रह असा, की पदवीला नाव घालूनच भरती करा. एकदा भरतीत राहिलं आणि हातात पदवीही नाही, अशी पोरं प्रत्येक गावाच्या पारावर भेटतात. त्यातली बरीच उत्तम खेळाडू होती.

उन्हाळ्यात सराव करावा का?

करावा, पण ऊन चढायच्या आत आटपावा. जळगाव-भुसावळला एप्रिल-मे मध्ये पारा 44-45 अंशांवर जातो. साडेसातनंतर जोराचं पळणं नको. घरचं मिश्रण सोपं आहे: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. सराव चालू असताना घोट घोट प्या. चक्कर आली, बोलणं अडखळलं किंवा अंग तापलं तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखाना गाठा.

खायला काय द्यावं? जिमवाले प्रोटीन पावडर घ्यायला सांगतात.

आधी घरात काय आहे ते बघा. कळण्याच्या भाकरीत ज्वारी आणि उडीद एकत्र येतात, आणि धान्याबरोबर डाळ खाल्ली की प्रथिनं जास्त चांगली लागू पडतात. फुणके-कढी, उडदाचं वरण, शेंगदाणे, हरभरे, दूध, चालत असतील तर अंडी. सरावाआधी केळं. रावेर-यावलच्या केळीच्या बागांतून देशभर माल जातो आणि आपलीच मुलं उपाशीपोटी पळतात, हे मला पटत नाही. जोरात वाढणाऱ्या खेळाडूला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण दीड ग्रॅम प्रथिनं पुरतात, आणि ती ताटातून मिळतात.

लेबल नसलेली, ‘सहा आठवड्यांत शरीर’ म्हणून विकली जाणारी पावडर आणि गोळ्या घरात आणू नका. त्यात स्टिरॉईड असू शकतं. उत्तेजक चाचणीत ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर चालत नाही. शरीरात जे सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूची. सर्दीच्या काही औषधांतही बंदी असलेले घटक असतात, म्हणून डॉक्टरांना पहिल्यांदा सांगायचं, “मी खेळाडू आहे.”

धडगाव-अक्कलकुव्याकडची मुलं चांगली पळतात, पण मध्येच हातपाय गळतात. काय बघावं?

सिकलसेलची तपासणी करून घ्या. सातपुड्यातल्या आदिवासी कुटुंबांत हा रक्ताचा आनुवंशिक दोष बऱ्याच प्रमाणात आढळतो. आजार असलेल्या मुलाने जोराचा खेळ डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय खेळूच नये. नुसता वाहक, म्हणजे अंगात दोष आहे पण आजार नाही, असा मुलगा खेळू शकतो, पण कडक उन्हात, कमी पाण्यावर, न थांबता वेगाच्या फेऱ्या मारल्या तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंची ही तपासणी प्रवेशाच्या वेळीच करतात. आपल्याकडे सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत होते.

वाहक मुलाचा सराव हळूहळू वाढवा, दोन फेऱ्यांमध्ये पुरेशी विश्रांती द्या. पाय दुखतात, जोर गेला, श्वास पुरत नाही असं तो म्हणाला तर “आळशी झालास” म्हणून हिणवू नका. लगेच थांबवा आणि आराम पडला नाही तर रुग्णालयात न्या. या मुलांमध्ये पळण्याची मोठी क्षमता आहे. त्यांना सांभाळून वाढवणं हे आम्हा क्रीडाशिक्षकांचं काम आहे.

मुलगी राज्यापर्यंत खेळली. पण आता नातेवाईक म्हणतात, बस झालं.

नातेवाईकांना स्पर्धेला घेऊन या. खरंच सांगतो, तिला मैदानावर बघितल्यावर पुष्कळांचा सूर बदलतो.

तुमच्या काळज्या रास्त आहेत, त्यांची उत्तरं मागून घ्या. संघाबरोबर महिला व्यवस्थापक असते का? मुक्काम कुठे? परत किती वाजता? कॉलेजात कपडे बदलायला खोली आहे का? चांगलं कॉलेज हे सगळं लेखी देतं. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, आणि ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळेचा पास मोफत मिळतो. 2024-25 पासून 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ झालं आहे. पैशाचं कारण पूर्वीइतकं मोठं राहिलेलं नाही.

आणखी एक. मुलीला सतत थकवा येत असेल तर हिमोग्लोबिन तपासा. सराव वाढल्यावर पाळी दोन-तीन महिने थांबली तर ते खेळामुळे चालायचंच असं समजू नका, डॉक्टरांकडे न्या. बहुतेक वेळा खाणं कमी पडत असतं.

बाहेरगावी राहून शिकायचा आणि खेळायचा खर्च कसा भागवायचा?

आदिवासी विद्यार्थ्यांसाठी शासकीय वसतिगृहं आहेत आणि तिथे जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. अनुसूचित जातींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, इतर मागास व भटक्या विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. खेलो इंडियात निवड झालेल्या खेळाडूला महिन्याला 10,000 रुपये हातखर्चाला मिळतात, पण ती निवड फार थोड्यांची होते. तिच्यावर घरचं गणित मांडू नका.

बारावीनंतर शाळा-कॉलेज सोडताना काय काय मागून घ्यावं?

दाखला आणि गुणपत्रिका तर सगळेच घेतात. त्याबरोबर प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र, प्रवेशिकेची प्रत आणि निकालपत्रकाची प्रत मागा. पुढे पडताळणीत वर्ष, ठिकाण, गट, क्रमांक सगळं विचारतात आणि तोवर जुने सर निवृत्त झालेले असतात. प्रमाणपत्रावर नावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच हवं. फरक दिसला तर शाळा सोडण्याआधीच दुरुस्त करून घ्या. प्रमाणपत्रांना लॅमिनेशन करू नका, मागचे शिक्के आणि सह्या तपासायला अडचण येते. साध्या प्लास्टिकच्या फाईलमध्ये ठेवा, स्कॅन करून एक प्रत ईमेलवर आणि एक घरातल्या दुसऱ्या कुणाच्या मोबाईलमध्ये ठेवा.